हागार, इझाबेला आणि बसस्टॉपवरची बाई : गोष्टींमधून प्रौढांचा शास्त्राभ्यास कसा घ्यावा

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये प्रौढांचा शास्त्राभ्यास घेण्याची एक रीत आहे. तीत वर्गापुढे तीन गोष्टी ठेवतात. एक आजच्या जगण्यातली, एक पवित्र शास्त्रातली, म्हणजे बायबलमधली, आणि एक आफ्रिकेच्या किंवा आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या इतिहासातली. तिन्ही ऐकून झाल्या की त्या एकमेकींशी लावून बघतात आणि प्रत्येकजण या आठवड्यात आपण काय करणार ते ठरवतो. नव्या शिक्षकाला गोष्टी सांगणं सहसा जमून जातं, अडतं ते त्या जोडताना. तो जोड घरूनच शिवून आणतो आणि वर्गाला फक्त माना डोलवायचं काम उरतं. जोडायचं काम वर्गाचं आहे आणि गोष्टी जिथे जुळत नाहीत तिथेच त्याला सर्वांत जास्त हाती लागतं, एवढं धरून ठेवलं की बाकीची तयारी सोपी.

या मंडळ्यांमध्ये गोष्ट सांगण्याला एवढं वजन का, हे आधी माहीत हवं. गुलामांना अक्षरओळख होऊ नये म्हणून कायदे होते. साउथ कॅरोलायनात 1740 साली गुलामांना लिहायला शिकवणं गुन्हा ठरलं आणि 1831 मध्ये व्हर्जिनियात नॅट टर्नर या गुलामाचं बंड झाल्यावर दक्षिणेत ठिकठिकाणी हे निर्बंध आवळले गेले. त्यामुळे शास्त्र कानांनी शिकलं गेलं, पाठ झालं, गाण्यात बसलं. रात्री झाडीत, मालकाच्या नजरेआड, लपून सभा भरत. तिथे एकाने ओळ सांगायची आणि बाकीच्यांनी ती उचलायची, आपल्या कीर्तनात झील धरतात तशी. तेव्हा गोष्ट सांगणं म्हणजे या परंपरेत धडा रंजक करण्याची युक्ती नव्हे. शास्त्र पोचण्याची ती मुख्य वाट होती.

खाली एकच बैठक सविस्तर मांडली आहे. शास्त्रभाग उत्पत्ती 16, म्हणजे अब्रामाची बायको साराय हिची दासी हागार हिचं पळून जाणं. वारशाची गोष्ट गुलामीत जन्मलेल्या इझाबेलाची, जिने पुढे सोजर्नर ट्रुथ हे नाव घेतलं आणि गुलामीविरुद्ध भाषणं केली.

आधीची तयारी

आठ ते बारा माणसं पुरेत. पंधराच्या पुढे गेलात तर दोन गट करा, नाहीतर बोलणारे चारच राहतात. खुर्च्या गोलात मांडा आणि स्वतः उभे राहू नका. नव्वद मिनिटं लागतात. सुरुवातीला दहा, आजच्या गोष्टीला पंधरा, शास्त्रभागाला पंचवीस, वारशाच्या गोष्टीला पंधरा, जोडायला वीस, निर्णय आणि प्रार्थनेला पाच. उपासनेनंतरचा घाईगर्दीचा पाऊण तास मिळणार असेल तर ही रीत त्या दिवशी वापरू नका, किंवा तिन्ही गोष्टी दोन रविवारांत वाटून घ्या.

उत्पत्तीचा सोळावा अध्याय सोळा वचनांचा आहे. तो आठवडाभर रोज एकदा मोठ्याने वाचा. नंतर पुस्तक मिटून घरातल्या कुणाला तरी सांगा आणि काय सुटलं ते पुन्हा उघडून बघा. शब्दशः पाठांतर नको, पण क्रम पक्का हवा आणि बोलण्यातला एकही संवाद गळता कामा नये. सांगायला चार-पाच मिनिटं लागली पाहिजेत. दहा लागत असतील तर तुम्ही पदरचं घालताय.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे सोळावा आणि एकविसावा अध्याय एकत्र कालवणं. सोळाव्यात हागार गरोदर आहे, छळाला कंटाळून आपणहून निघते, रानात शूरच्या वाटेवर झऱ्यापाशी असते. पाणी संपणं, मुलाला झुडपाखाली ठेवणं, बाणाच्या टप्प्याइतकं दूर जाऊन बसणं हे सगळं एकविसाव्यातलं. तिथे तिला घालवून दिलेलं असतं. दोन्ही मिसळल्या तर ती पळाली की तिला हाकललं, हा फरकच पुसला जातो आणि आजच्या बैठकीचा कणा मोडतो.

आजची गोष्ट तुम्ही स्वतः लिहायची, फार तर दीडशे ते दोनशे शब्दांत. ती काल्पनिक असू द्या, वर्गातल्या कुणाची ओळख पटेल अशी नको. एक नमुना : एक बाई दुसऱ्यांच्या घरी राहून त्यांच्या आजारी आजींची काळजी घेते. तीन महिन्यांत सुट्टी नाही. राहण्या-जेवणाचे पैसे पगारातून कापतात, किती ते आधी सांगत नाहीत. घरातली माणसं तिला नावाने हाक मारत नाहीत. एका पहाटे ती बॅग भरून बसस्टॉपवर येते. मुलगी फोनवर विचारते, आता कुठे जाणार? गोष्ट इथे थांबवायची. पुढे काय झालं ते लिहायचं नाही. वर्ग विचारेल, तरी सांगायचं नाही.

सुरुवात आणि आजची गोष्ट

पहिल्या दहा मिनिटांत एक गीत आणि एक प्रतिसाद बसवून घ्या. प्रतिसादाची ओळ चार-पाच शब्दांची असावी, उदाहरणार्थ ‘देव पाहतो, देव पाहतो आहे’. गोष्ट सांगताना तुम्ही हात किंचित वर केला की वर्गाने ती म्हणायची. पूर्ण गोष्टीत तीन जागा ठरवा, चौथी नको. दर वाक्याला प्रतिसाद मागणारे शिक्षक वर्गाचा खेळ करून टाकतात आणि प्रौढ माणसं दुसऱ्या रविवारी फिरकत नाहीत. गीतही ओळ सांगून घ्या, छापील कागद वाटू नका. कागद हातात आला की नजरा खाली जातात.

आजची गोष्ट तुम्ही वाचा किंवा वर्गातल्या चांगल्या वाचणाऱ्याला द्या. नंतर तीन प्रश्न, याच क्रमाने. ती बाई काय सोडून निघाली? तिच्याजवळ काय आहे? तिच्यावर कुणाची सत्ता चालते? ‘तुमच्याही बाबतीत असं घडलंय का?’ हा प्रश्न इथे विचारू नका. काल्पनिक बाईबद्दल बोलता बोलता माणसं आपलं बोलतातच, पण त्यांच्या वेगाने. आणि कुणी साक्ष द्यायला लागलं तर ऐका, सल्ला देऊ नका, शेजारच्यालाही देऊ देऊ नका. इथे बोललेलं इथेच राहील, हा नियम पहिल्या बैठकीला सांगून टाकलेला असावा.

शास्त्रभाग

आता पुस्तक मिटून हागारेची गोष्ट सांगा. आवाजाची नाटकं नकोत. नंतर लगेच कुणाला तरी तोच अध्याय वाचायला सांगा आणि बाकीच्यांना एक काम द्या : सांगण्यात आणि लिहिलेल्यात फरक कुठे पडला ते शोधा. शिक्षकाला पकडण्याची संधी मिळाली की वर्ग एरवी कधी वाचत नाही इतक्या बारकाईने वाचतो.

सोजर्नर ट्रुथला वाचता येत नव्हतं. ती शास्त्र वाचून घ्यायची ते मुलांकडून, कारण मोठी माणसं वाचता वाचता अर्थ सांगायला लागत. मुलं मात्र सांगितलं तेवढंच, सांगितलं तितक्या वेळा, पुन्हा वाचत. तिला वचन आधी ऐकायचं होतं, स्पष्टीकरण नको होतं. 1850 साली छापलेल्या तिच्या आत्मकथनात हे आलं आहे. या पायरीसाठी यापेक्षा चांगली सूचना सापडणार नाही : दुसऱ्यांदा वाचून होईपर्यंत कुणीही अर्थ सांगायचा नाही, पाळकसाहेब बसले असतील तर त्यांनीही नाही.

मग वर्गाला हे शोधू द्या. या अध्यायात हागारेला नावाने हाक कोण मारतं? साराय तिला ‘माझी दासी’ म्हणते, अब्राम ‘तुझी दासी’ म्हणतो. नावाने हाक पहिल्यांदा देवदूत मारतो, आणि तोही पाठोपाठ ‘सारायची दासी’ जोडतोच. तो दोन प्रश्न विचारतो, कुठून आलीस आणि कुठे चाललीस. तिचं उत्तर नीट बघा : पहिल्याचं देते, दुसऱ्याचं देतच नाही. या जागी वर्ग बहुधा बसस्टॉपवरच्या फोनकडे वळतो. वळला तर उत्तम. नाही वळला तर बोट दाखवू नका, पुढे वीस मिनिटं त्यासाठीच ठेवली आहेत.

नववं वचन गाळायचा मोह आवरा. देवदूत तिला परत जायला आणि मालकिणीच्या हाताखाली राहायला सांगतो. नवे शिक्षक इथून पटकन तेराव्या वचनावर उडी मारतात, जिथे ती देवाला ‘पाहणारा देव’ असं नाव देते. वर्गाला ती उडी कळते. छळ सोसून घरी राहा, असा याचा अर्थ कुणी तरी काढेल आणि वर्गात मार खाऊन राहिलेली एखादी बाई गप्प ऐकत बसलेली असू शकेल. म्हणून एक वाक्य तयार ठेवा : हे हागारेला सांगितलेलं आहे, घरात मार सोसणाऱ्या माणसाला दिलेली आज्ञा नाही. तेवढं म्हणा आणि वचन मात्र टेबलावर तसंच राहू द्या, गुळगुळीत करू नका. बैठकीनंतर कुणी बोलायला थांबलं तर मदतीचा पत्ता-फोन खिशात असावा.

वारशाची गोष्ट

इझाबेला साधारण 1797 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या अल्स्टर काउंटीत गुलाम म्हणून जन्मली. तिची पहिली भाषा डच. राज्याच्या कायद्याने ती 4 जुलै 1827 रोजी मुक्त होणार होती. मालक जॉन ड्यूमाँट याने वर्षभर आधी सोडतो असा शब्द दिला आणि तिच्या हाताला इजा झाल्याने काम कमी भरलं, या सबबीवर तो फिरवला. तिने उरलेली लोकर कातून दिली आणि 1826 च्या अखेरीस एका पहाटे तान्ह्या सोफियाला घेऊन ती निघाली. बाकीची मुलं मागे राहिली. व्हॅन वॅगेनेन दांपत्याने तिला घरात घेतलं. ड्यूमाँट शोधत आला तेव्हा तिने सांगितलं की मी पळाले नाही, उजेडी चालत आले. आयझॅक व्हॅन वॅगेनेनने तिच्या उरलेल्या कामाचे वीस डॉलर आणि बाळाचे पाच डॉलर मोजले. पुढे तिचा पाच वर्षांचा मुलगा पीटर बेकायदा अलाबामात विकला गेल्याचं कळल्यावर तिने कोर्टात दाद मागितली आणि 1828 मध्ये त्याला परत मिळवलं.

मधला एक प्रसंग गाळू नका. 1827 च्या पिंक्स्टर सणाला, म्हणजे डच लोकांच्या पेंटेकॉस्टला, तिला जुन्या सोबत्यांची इतकी ओढ लागली की ड्यूमाँटबरोबर परत जायला ती तयार झाली. बाळाला घेऊन गाडीकडे जाताना तिला देव सगळीकडे असल्याची जाणीव विजेसारखी झाली. ती भानावर आली तोवर गाडी निघून गेली होती.

पाच-सहा मिनिटांत हे सांगून होतं. तारखा तोंडावर ठेवा, एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून आणल्या तरी चालेल. बोलीची नक्कल करू नका. सोजर्नर ट्रुथच्या तोंडी दक्षिणेकडची तुटक इंग्रजी घालण्याची खोड जुनी आहे. 1851 च्या ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन इथल्या तिच्या भाषणाची प्रसिद्ध, ठेक्यात वारंवार ‘मी बाई नाही का?’ हा एकच प्रश्न विचारणारी आवृत्ती त्या सभेची अध्यक्ष फ्रान्सिस गेज हिने बारा वर्षांनी, 1863 मध्ये छापली. भाषण झालं त्याच वर्षीच्या वर्तमानपत्री वृत्तांतात तो प्रश्न नाही. डच बोलत वाढलेली न्यूयॉर्कची बाई तशी बोलत असेल असं मानायला फारसा आधार नाही.

अशी तपासणी प्रत्येक वारसाकथेला लावावी लागते, कारण या विषयात गोड दंतकथा फार. गुलामीतून पळून, पुन्हा मागे जाऊन इतरांना सोडवणाऱ्या हॅरिएट टबमनने तीनशे माणसं सोडवली असं सर्रास सांगतात. अभ्यासकांचा हिशोब साधारण तेरा फेऱ्या आणि सत्तरच्या आसपास माणसं असा आहे आणि तोही काही कमी नाही. गोधड्यांवरच्या खुणांनी पळण्याची वाट कळे, ही कथा पुराव्यावर उभी राहत नाही. लंडनमध्ये 1807 साली गुलामांसाठी छापलेल्या कापाकापी केलेल्या शास्त्रात इस्राएल मिसरातून, म्हणजे इजिप्तमधून, सुटल्याची गोष्ट गाळली होती हे खरं, पण ती प्रत ब्रिटिश वेस्ट इंडीजसाठी होती. अमेरिकेतल्या सगळ्या गुलामांच्या हाती तीच होती असं सांगू नका. आणि आफ्रिका म्हणजे एक गाव नव्हे. ग्रिओ हे माली, सेनेगल, गिनी भागातले पिढीजात कथेकरी. अनान्सी कोळ्याच्या गोष्टी घानातल्या अकान लोकांच्या. हागार मिसरी. प्रेषितांची कृत्ये 8 मधला अधिकारी कूशचा, म्हणजे आजच्या सुदानातल्या मेरोवेच्या राज्याचा, आणि कांदके ही तिथल्या राणीची पदवी. नकाशा भिंतीवर लावा, या सगळ्या गोंधळावर तो पुरतो.

जोडणं

वर्गाचे तीन-तीन जणांचे गट करा. प्रत्येक गटाला कोरा कागद, त्यावर तीन उभे रकाने : बसस्टॉपवरची बाई, हागार, इझाबेला. बारा मिनिटांत त्यांनी फक्त दोन गोष्टी लिहायच्या. तिघी कुठे सारख्या आहेत ते तीन ओळींत, आणि कुठे अजिबात सारख्या नाहीत तेही तीन ओळींत. दुसरा भाग सक्तीचा. सारखेपणा दोन मिनिटांत भरतो. खरी चर्चा फरकाला लागते.

मोठा फरक बहुतेक गटांना सापडतो. हागारेला देव भेटला आणि ती परत गेली. इझाबेला परत निघाली होती, तिला देव भेटला आणि ती थांबली. एकच देव मानणाऱ्या वर्गाला याचा उलगडा करावा लागतो आणि तो सगळ्यांचा सारखा येत नाही. कुणी म्हणेल हागारेला रानात बाळंतपण झेपलं नसतं, कुणी म्हणेल इझाबेलाला आसरा देणारं घर होतं, हागारेला नव्हतं. तुम्ही निकाल देऊ नका. कुणी तुमचं मत विचारलंच तर शेवटी, एका वाक्यात.

मराठी वर्गात याच टप्प्यावर जातीचा विषय येतो, आणि यावाच. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या तिथल्या लोकांना अर्पण केली, तेव्हा ही जोड आपल्याकडे नवी नाही. मात्र ती वारशाची गोष्ट चालू असताना आली तर कागदावर टिपून ठेवा आणि जोडण्याच्या वेळेला काढा. नाहीतर इझाबेला अर्ध्यात सुटते आणि चर्चा नेहमीच्याच माणसांच्या नेहमीच्याच मतांवर येते.

निर्णय छोटा आणि आठवड्यात होण्यासारखा हवा. ‘मी इतरांवर प्रेम करीन’ हा निर्णय नव्हे. ‘आमच्या इमारतीत कामाला येणाऱ्या ताईंचं नाव मी विचारीन’ हा निर्णय. प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहून स्वतःजवळ ठेवावा, मोठ्याने वाचायची सक्ती नको. पुढच्या रविवारी पहिल्या पाच मिनिटांत एवढंच विचारा, कुणाचं काय झालं? जमलं नाही असं सांगणाऱ्याला आधी बोलू द्या. जमलेले आधी बोलले की न जमलेले गप्प बसतात.

पुढच्या जोड्या

यिर्मया 38 मधला एबद-मलेख कूशी चांगला चालतो : राजवाड्यातला परका माणूस, जो जुन्या चिंध्या दोरखंडाखाली काखेत घालायला देऊन यिर्मयाला चिखलाच्या विहिरीतून वर काढतो. त्याच्याजवळ हॅरिएट टबमन ठेवा. एका गुलामाबद्दल पौलाने लिहिलेल्या फिलेमोनाच्या पत्राजवळ कृष्णवर्णीय धर्मचिंतक हॉवर्ड थर्मन यांच्या आजीची आठवण ठेवता येते. गुलामीत जन्मलेल्या नॅन्सी अँब्रोझ नातवाकडून शास्त्र वाचून घेत, पण पौलाची पत्रं वाचू देत नसत, क्वचित 1 करिंथ 13 सोडून, कारण मालकाचा पाळक गुलामांना आज्ञाधारकपणा शिकवायला पौलाचीच वचनं काढी. ही जोडी वर्ग मुरल्यावरच घ्या. पहिल्या महिन्यात घेतलीत तर अख्खी बैठक पौलाच्या बचावात जाते.

महाराष्ट्रातल्या वर्गासाठी वारशाची एक गोष्ट हाताशी आहे. हिंदी महासागरात गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं मुंबईत आणली जात आणि त्यांतली बरीच नाशिकजवळच्या शरणपूरला चर्च मिशनरी सोसायटीच्या वसाहतीत वाढली. जेकब वेनराइट हा तिथलाच विद्यार्थी. 1873-74 मध्ये मिशनरी आणि शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टनचा देह आफ्रिकेच्या आतल्या भागातून किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत तो होता आणि एप्रिल 1874 मध्ये लंडनला वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेत शवपेटी धरणाऱ्यांतही. शरणपूरची पुष्कळ माणसं त्यानंतर आजच्या केनियातल्या मोंबासाजवळच्या फ्रीअरटाउनला गेली. याच्याशी योसेफाची गोष्ट लावा. विकला गेलेला मुलगा, फारोने दिलेलं परकं नाव, आणि निर्गम 13:19 मध्ये मोशेने बरोबर घेतलेल्या त्याच्या अस्थी. या मुलांनाही इंग्रजी नावं मिळाली होती. योसेफाच्या अस्थी बापजाद्यांच्या भूमीत गेल्या. फ्रीअरटाउनला गेलेल्यांना आफ्रिका मिळाली, पण बहुतेकांचं गाव दूर आत कुठे तरी राहिलं. मिशनच्या कौतुकाची गोष्ट म्हणून ती सांगू नका, या मुलांना कुठे जायचं ते कुणी विचारलं होतं का, हा प्रश्न कागदाच्या डोक्यावर लिहून गटांना द्या. योसेफाची गोष्ट लांब आहे, उत्पत्ती 37 पासून 50 पर्यंत. एका बैठकीत कोंबू नका. पहिल्या रविवारी विकला जाण्यापासून नव्या नावापर्यंत (41:45) आणि दुसऱ्या रविवारी भावांच्या भेटीपासून अस्थींपर्यंत, अशा दोन बैठका धरा.